काचीगुड्याचे रहीममास्तर

काचीगुडा हे नाव मराठवाड्यातील जुन्या पिढीला ठाऊक आहे ते रेल्वेमुळे. मनमाडहून निघून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड अशी मजल मारीत येणारी मीटरगेजची गाडी हैदराबाद शहरात याच स्थानकावर येऊन थांबत असे. १९१६ साली निजामाच्या राजवटीत उभारलेली या स्थानकाची घुमटांची इमारत आजही पाहण्याजोगी आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. त्यामुळे शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी अशा कामांसाठी येणारी मराठी कुटुंबे काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत हळूहळू स्थिरावली. याच काचीगुड्यातील मिडल स्कूलमध्ये एके काळी सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक मुलांना शिकवीत असत. भारतीय फुटबॉलला आशियाई स्पर्धेतील दोन सुवर्णपदके आणि ऑलिंपिकमधील चौथे स्थान मिळवून देणारा प्रशिक्षक तो हाच. 'मैदान' हा हिंदी चित्रपट २०२४ मध्ये आल्यापासून नव्या पिढीला त्यांचे नाव ठाऊक झाले आहे. तथापि पडद्यावरच्या नाट्यापेक्षा त्यांचे प्रत्यक्ष आयुष्य अधिक साधे होते आणि फुटबॉलच्या आजच्या अर्थकारणाकडे पाहताना ते अधिक विचार करायला लावणारे आहे.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले, तेथेच फुटबॉल खेळले आणि पदवी घेऊन शिक्षकी पेशात शिरले. काचीगुड्याची शाळा, उर्दू शरीफ शाळा, दारुल उलूम आणि चादरघाट हायस्कूल असा त्यांच्या नोकरीचा प्रवास झाला. मध्यंतरी त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदविका मिळवली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. मैदानावरचा खेळाडू म्हणून त्यांची कीर्ती मोठी नव्हती. पुढे जे घडले ते त्यांच्यातल्या शिक्षकामुळे घडले, असे मानावयास जागा आहे. वर्गातील चाळीस मुलांपैकी कोणाला काय उमगले नाही हे ओळखण्याची शिक्षकाची नजर त्यांनी मैदानावर नेली.

हैदराबाद आणि सिकंदराबाद या जुळ्या शहरांत फुटबॉल आला तो ब्रिटिश लष्करी छावणीतून. गोऱ्या पलटणींचे सामने पाहून गल्लीबोळांतली मुले अनवाणी खेळू लागली. १९४३ मध्ये रहीम हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, ते त्या पदावर राहिले. संघटनेचा सचिव म्हटला की आज डोळ्यांसमोर बैठका आणि निवडणुका येतात. रहीम यांनी या पदाचा उपयोग खेळ शिकविण्यासाठी केला. त्यांनी स्पर्धा भरविल्या, पण त्यांचे नियम विलक्षण होते. एका स्पर्धेत चेंडू घेऊन एकट्याने पळण्यास, म्हणजे ड्रिबलिंग करण्यास बंदी असे. दुसरीत खेळाडूने आपल्या कमजोर पायानेच चेंडू मारावयाचा असे. उंचीची मर्यादा घालून कोवळ्या मुलांसाठी वेगळे सामने होत. बघ्यांना हे गमतीचे वाटत असेल. पण ज्याला उजव्या पायाचाच आधार आहे, त्याचा डावा पाय अशा सामन्यात आपोआप घडतो, आणि ज्याला चेंडू स्वतःजवळ ठेवण्याचा मोह आहे, त्याला सहकारी दिसू लागतो. शाळेत चुका काढण्यापेक्षा योग्य गणित घालणे बरे, हे जाणणाऱ्या मास्तरांचीच ही रीत होती.

या रीतीमागे फुटबॉलचा एक विचार होता. अमेरिकेत फुटबॉल याच नावाने एक वेगळा, हाताने चेंडू फेकण्याचा खेळ खेळला जातो. त्यात क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असतो. चढाई सुरू होताच चेंडू त्याच्या हाती येतो, आणि प्रतिस्पर्धी अंगावर कोसळण्यापूर्वीच्या दोन-तीन सेकंदांत कोणता सहकारी मोकळा आहे हे हेरून त्याला तो फेकावयाचा असतो. सहकारी ज्या जागी उभा आहे तिथे चेंडू टाकून उपयोग नसतो; धावत तो जिथे पोहोचणार आहे, तिथे चेंडू त्याच्या आधी किंवा बरोबर पोहोचावा लागतो. चढाई संपली की खेळ थांबतो, पुढचा बेत ठरतो, आणि पुन्हा चेंडू त्याच्याच हाती येतो. आपल्या फुटबॉलमध्ये हे नेमके असे काम कोणा एकाकडे नाही. खेळ थांबत नाही, त्यामुळे बेत धावता धावताच करावा लागतो. तरीही त्याच्या जवळचे काम मधल्या फळीतील हाफ-बॅक करतात. बचावपटूंकडून आलेला चेंडू घेणे, तो येण्यापूर्वीच मान वळवून आघाडीचे कोण कुठे आहेत हे टिपून ठेवणे, अंग अर्धे वळवून चेंडू स्वीकारणे म्हणजे पुढचे मैदान नजरेत राहते, आणि दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने तो पुढे देणे, ही त्या जागेची बाराखडी होय. चेंडू पायाशी आल्यावर विचार सुरू करणाऱ्या हाफ-बॅकला वेळ उरत नाही. रहीम यांचा आग्रह असा की ही बाराखडी हाफ-बॅकपुरती राहता कामा नये, संघातील प्रत्येकाला ती अवगत असावी. एका स्पर्शात चेंडू पुढे सरकविण्याचा जो खेळ हैदराबादची ओळख ठरला, त्याचे मूळ येथे आहे. ड्रिबलिंगबंदीच्या आणि कमजोर पायाच्या स्पर्धा हीच त्याची शाळा होती.

१९५० पासून रहीम यांच्याकडे हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षण आले. त्याच वर्षी या संघाने मुंबईत रोव्हर्स चषक जिंकला आणि दिल्लीत ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला हरविले. पुढे १९५४ पर्यंत सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक हैदराबादकडेच राहिला. कूपरेज मैदानावरच्या मुंबईकर प्रेक्षकांना दरवर्षी येणारे हे पोलीस शिपाई चांगलेच परिचयाचे झाले. ड्युरँड चषकही १९५४ आणि १९५७ मध्ये पुन्हा त्यांच्याकडे आला. राज्याचे रूप बदलल्यावर आंध्र पोलीस या नव्या नावाने त्यांनी १९६१ मध्ये तो आणखी एकदा जिंकला. संतोष चषकावर १९५६-५७ आणि १९५७-५८ या लागोपाठच्या दोन हंगामांत हैदराबादचे नाव कोरले गेले.

हे सारे कोणत्या पैशावर चालले होते, हा प्रश्न चरित्रांत सहसा विचारला जात नाही. त्या काळी भारतात व्यावसायिक फुटबॉल कागदावर अस्तित्वात नव्हता. ऑलिंपिकमध्ये खेळावयाचे तर खेळाडू हौशी असावा लागे, म्हणजे खेळण्याबद्दल त्याने वेतन घेता कामा नये. त्यातून आपल्या देशाने एक मधला मार्ग काढला होता. पोलीस, लष्कर, रेल्वे, बंदर, कस्टम्स अशा खात्यांनी खेळाडूला नोकरी द्यायची, सकाळ-संध्याकाळ सरावासाठी मोकळीक द्यायची आणि त्याने खात्याच्या नावाने खेळायचे. हैदराबादचा खेळाडू पोलीस शिपायाचा पगार घेई. तो पगार तुटपुंजा असला तरी दरमहा मिळे, गुडघा दुखावला तरी बंद होत नसे आणि खेळ संपल्यावरही नोकरी राही. संघाला तिकीटविक्रीवर किंवा धनिकाच्या लहरीवर अवलंबून राहावे लागत नव्हते. पोलीस खात्याच्या अंदाजपत्रकातील वेतनाची बाब हेच या अजिंक्य संघाचे भांडवल.

कलकत्त्याची गोष्ट वेगळी होती. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मडन स्पोर्टिंग या क्लबांमागे हजारो सभासद आणि प्रत्येक सामन्याला लोटणारी गर्दी होती. तेथील खेळाडूही नावापुरते हौशीच, परंतु चांगल्या खेळाडूला राहण्याखाण्याची सोय, शहरात एखादी नोकरी आणि वर काही रक्कम देण्याची ताकद त्या क्लबांत होती. हैदराबादने घडवावे आणि कलकत्त्याने न्यावे, हा क्रम त्यामुळे ठरून गेला. तुळसीदास बलराम हे त्याचे ठळक उदाहरण. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्यातील या गरीब घरच्या मुलाचा खेळ रहीम यांनी हेरला आणि त्याला हैदराबादला सरावासाठी बोलावले. रोजच्या जाण्यायेण्याला मुलाजवळ पैसे नव्हते. रहीम यांनी सायकल भाड्याने घेण्यासाठी त्याला स्वतः पैसे दिले. हा मुलगा १९५६ मध्ये मेलबर्न ऑलिंपिकला गेला, आणि पुढच्याच वर्षी ईस्ट बंगालकडे गेला. यात दोष कोणाचाच नव्हता. घर चालवावयाचे तर कलकत्ता हाच त्याच्यासमोरचा शहाणा पर्याय होता. पण सायकलच्या भाड्यापासून सुरू झालेल्या गुंतवणुकीचा परतावा तिसऱ्याच शहराच्या खात्यात जमा व्हावा, ही व्यवस्था फार काळ टिकणारी नव्हती. रहीम जिवंत होते तोवर एक गेला की ते दुसरा घडवीत, म्हणून ती उणीव दिसली नाही.

देशाच्या संघाची धुरा त्यांच्याकडे आली तीही १९५० च्या सुमारासच. मार्च १९५१ मध्ये नवी दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा भरल्या. अंतिम सामन्यात मेवालाल यांच्या एकमेव गोलने भारताने इराणला हरविले आणि सुवर्णपदक मिळविले. दुसऱ्याच वर्षी हेलसिंकीत मात्र युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडविला. त्या थंड हवेत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी उतरले होते. या पराभवानंतर भारतीय फुटबॉलमध्ये बूट सक्तीचे झाले. रहीम यांनी या स्पर्धेतून आणखी एक गोष्ट आणली असावी. सुवर्णपदक जिंकणाऱ्या हंगेरीचा सेंटर-फॉरवर्ड पुढे न थांबता मागे सरून चेंडू खेळवीत असे, आणि त्याच्यामागे ओढला गेलेला बचावपटू जागा सोडी. आघाडी, मधली फळी आणि बचाव यांच्यामधल्या भिंती पाडणारा हा खेळ त्यांच्या मूळ विचाराला जुळणाराच होता. भारतीय संघाला पुढे ४-२-४ या रचनेची ओळख करून देण्याचे श्रेयही जाणकार त्यांनाच देतात. या रचनेत मधल्या फळीत दोघेच उरतात आणि त्यांच्यावरचा भार दुप्पट होतो.

मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये गोमंतकीयांचा वाटा आहे. हंगेरीने माघार घेतल्यामुळे भारताची गाठ थेट यजमान ऑस्ट्रेलियाशी पडली. १ डिसेंबर १९५६ रोजी झालेल्या या सामन्यात मूळ आसगावच्या, मुंबईत नाव कमावलेल्या नेव्हिल डिसोझा यांनी तीन गोल केले आणि भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला आशियातील हा पहिला संघ. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोल पुन्हा डिसोझांचाच होता. मग मात्र युगोस्लाव्हियाने चार गोल केले. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असे हरविले. डिसोझा यांचे चार गोल हे त्या स्पर्धेतील सर्वाधिक गोलांच्या बरोबरीचे होते. चार वर्षांनी रोममध्ये भारताने फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी साधली, हंगेरीशी २-१ अशी झुंज दिली आणि पेरूकडून हार पत्करली. त्या संघात रहीम यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम हेही होते. एकाही सामन्यात त्यांना मैदानावर उतरविले गेले नाही. वडील प्रशिक्षक असताना मुलाने बाकावर बसून राहावे, यातून रहीम यांच्या निवडीची शिस्त कळते.

१९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेवर पुष्कळ लिहिले गेले आहे. तरी त्यातील एक निर्णय पुन्हा सांगण्याजोगा आहे. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० असे नमविले. थायलंडविरुद्धचा सामना ४-१ असा जिंकला, पण बचावाचा आधारस्तंभ जर्नेलसिंग यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. जपानवर २-० असा विजय मिळवून संघ उपांत्य फेरीत आला. डोक्याला पट्टी बांधलेल्या बचावपटूला पुन्हा बचावात उभे करणे धोक्याचे, आणि त्याच्यावाचून खेळणेही अवघड. रहीम यांनी जर्नेलसिंग यांना थेट आघाडीवर, सेंटर-फॉरवर्डच्या जागी खेळविले. दक्षिण व्हिएतनामविरुद्धच्या ३-२ अशा विजयात त्यांनी गोल केला. वरवर जुगार वाटणाऱ्या या चालीला आधार होता तो रहीम यांच्या जुन्या शिकवणुकीचा. प्रत्येक जागेची बाराखडी ज्यांना शिकविली आहे, अशांनाच जागा बदलून खेळविता येते.

अंतिम सामना ४ सप्टेंबर रोजी सेनायन मैदानावर झाला. इस्राएल आणि तैवान यांना स्पर्धेतून वगळल्याबद्दल भारताचे क्रीडाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता. त्यामुळे यजमान देशात भारताविरुद्ध संताप उसळला होता आणि भारतीय वकिलातीवर जमावाने हल्लाही केला होता. मैदानावर सुमारे एक लाख प्रेक्षक होते आणि त्यांची हुर्यो भारतीयांवर अखंड चालू होती. आदल्या रात्री रहीम यांनी आपल्या मुलांकडे सुवर्णपदकाची भेट मागितली, अशी आठवण त्या संघातले खेळाडू पुढे सांगत राहिले. प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी सतराव्या मिनिटाला गोल केला, विसाव्या मिनिटाला जर्नेलसिंग यांनी दुसरा. कोरियाने अखेरीस एक फेडला, पण सामना २-१ असा भारताचा झाला. कर्णधार होते चुनी गोस्वामी. हाफ-बॅक फळीत होते कोलवाळचे फोर्तुनातो फ्रँको, त्या सुवर्णसंघातील एकमेव गोमंतकीय. आघाडीच्या नावांचा गजर झाला. चेंडू ज्यांच्या पायांतून आघाडीपर्यंत गेला त्यांची नावे मागे राहिली. गोव्यातही फ्रँको यांची आठवण व्हावी तितकी झाली नाही, हे मान्य केले पाहिजे.

जाकार्ताहून परतल्यावर रहीम यांना वर्षही लाभले नाही. फुफ्फुसाच्या कर्करोगाने ११ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. १९६० नंतर भारताचा पुरुष फुटबॉल संघ ऑलिंपिकच्या मुख्य स्पर्धेत दिसलेला नाही आणि आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदकही पुन्हा मिळालेले नाही. हैदराबादची पीछेहाट त्याहून वेगाने झाली. जाणाऱ्याच्या जागी नवा खेळाडू घडविणारा माणूस उरला नव्हता, आणि जाणाऱ्यांना थोपवील असा पैसा त्या शहरातल्या फुटबॉलमध्ये आधीही नव्हता. हकीम यांनी हवाई दलात नोकरी केली, आंतरराष्ट्रीय पंच म्हणून काम केले आणि प्रशिक्षणही दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये गुलबर्ग्यात ते निवर्तले. त्याच वर्षी मे महिन्यात फ्रँकोही गेले होते.

शासकीय खात्याऐवजी खाणमालकांच्या आश्रयावर उभा राहिलेला फुटबॉल गोव्याने पाहिला आहे. साळगावकर, धेंपो यांच्या संघांनी दशकानुदशके येथील मुलांना नोकरीवजा वेतन दिले आणि २०१६ मध्ये राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले. त्यानंतरचा काळ फ्रँचायझीचा. या व्यवस्थेत संघ शहराचा नसतो, परवान्याचा असतो; परवाना धारण करणाऱ्याने दरवर्षी शुल्क भरावे, खेळाडूंशी करार करावेत आणि प्रक्षेपण, प्रायोजक व तिकिटे यांतून जमेल तेवढे वसूल करावे. वसुली खर्चाला पुरत नाही, हे बहुतेक संघांच्या बाबतीत दरवर्षी दिसून येते. पुण्याचा संघ २०१९ मध्ये आर्थिक अडचणीत बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. अशा रीतीने रहीम यांच्या शहरात पुन्हा एकदा देशपातळीवरचा संघ आला. २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर या संघाने केरळ ब्लास्टर्सला हरवून इंडियन सुपर लीग जिंकली. सामना संपावयास दोन मिनिटे असताना बरोबरीचा गोल केला गोव्याच्या साहिल तावोरा या मधल्या फळीतील खेळाडूने, आणि पेनल्टींत तीन फटके अडविले ते गोव्याच्याच लक्ष्मीकांत कट्टीमणी यांनी. पुढच्या दोन वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू सोडून गेले आणि २०२३-२४ च्या हंगामात संघ गुणतक्त्याच्या तळाशी राहिला. मालकी बदलली. २०२५ मध्ये या संघाला नवे नाव देऊन तो दिल्लीला हलविण्यात आला.